यंत्र मुलांचे, हातही मुलांचेच
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून गतकाळाचे कृतज्ञ स्मरण होणे स्वाभाविकच आहे. परंतु सुवर्णमहोत्सवात पुढील पन्नास वर्षांचा विचारही अभिप्रेत असतो, आणि त्या पन्नास वर्षांचे शिल्पकार आज पाचवी-सहावीच्या वर्गात बसलेले आहेत. अशा मुलांसाठी समाजाने आजवर शिष्यवृत्त्या दिल्या, वह्या-पुस्तके वाटली, गुणवंतांचे सत्कार केले. आजचा विषय त्याच परंपरेतील एका नव्या दालनाचा आहे. तो म्हणजे मुलांच्या सांघिक रोबोटिक्स स्पर्धा.

‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला तो चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, सक्तीचे श्रम. सांगितले तेवढेच करायचे आणि ‘का’ असे विचारायचे नाही, हा वेठबिगाराचा धर्म. मुलांच्या स्पर्धेत वेठ यंत्राने करावी आणि विचार मुलाने करावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा मोठी माणसे आज्ञा देतात, मूल त्या पाळते आणि बक्षीस घरी येते. मग त्या खोलीत वेठबिगार कोण, यंत्र की मूल, हा प्रश्न उरतो. आजच्या विवेचनाचा गाभा हाच प्रश्न आहे.

या स्पर्धांचा उगम

अमेरिकेतील संशोधक डीन केमेन यांनी १९८९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर या गावी ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. खेळाडू आणि नट-नट्या यांना जे कौतुक मिळते, ते शास्त्रज्ञ आणि अभियंते यांना का मिळू नये, ही त्यांची तळमळ होती. प्रयोगशाळेतील कामाला क्रीडांगणावरील सामन्याचे रूप दिले, तर मुले आपोआप तिकडे वळतील, असे त्यांच्या मनाने घेतले. १९९२ मध्ये त्याच गावातील एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अवघे २८ संघ होते.

केमेन यांचे सहकारी होते मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील, म्हणजेच एमआयटीमधील, प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स. १९७० च्या दशकापासून ते आपल्या विद्यार्थ्यांना किरकोळ वस्तूंनी भरलेला एक संच देत, त्यातून यंत्र बनवायला सांगत आणि मग त्या यंत्रांचे सामने भरवीत. २०१९ मध्ये फ्लॉवर्स यांचे निधन झाले, परंतु त्यांनी स्पर्धेला दिलेले एक तत्त्व आजही प्रत्येक संघाला शिकविले जाते. मराठीत त्याला ‘सौजन्ययुक्त कर्तृत्व’ म्हणता येईल. सर्वोत्तम कामासाठी जिवाचे रान करायचे आणि ते करताना समोरच्याचा मान तसूभरही कमी होऊ द्यायचा नाही, असा त्याचा आशय आहे.

लहान मुलांसाठीच्या स्पर्धेचे बीज आणखी एका विचारवंताच्या कार्यात आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले आणि पुढे एमआयटीत अध्यापन केलेले गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी, मूल संगणकाकडून शिकण्यापेक्षा संगणकाला शिकवताना अधिक शिकते, हा विचार मांडला. त्यांच्या १९८० सालच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथाचेच नाव डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९९८ मध्ये आपल्या यंत्रमानव-संचाला दिले. त्याच वर्षी केमेन आणि लेगोचे प्रमुख केल्ड किर्क क्रिस्टियनसन यांच्या पुढाकाराने ‘फर्स्ट लेगो लीग’ ही शाळकरी मुलांची स्पर्धा आकारास आली. आशिया खंडात २००४ मध्ये सिंगापूर येथे ‘वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड’ सुरू झाले. २०१६ मध्ये त्याच्या जागतिक फेरीचे यजमानपद भारताने दिल्ली येथे भूषविले. त्या वर्षीचा विषय होता कचरा आणि त्याचे व्यवस्थापन.

महाराष्ट्रालाही हे क्षेत्र नवखे नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठीच्या ‘एबीयू रोबोकॉन’ या आशियाई स्पर्धेचे यजमानपद पुण्याने २००८ आणि २०१४ असे दोनदा भूषविले. २००८ चा खेळ तर आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी गोविंदाची कल्पना समजून घेतली आणि उंच टांगलेल्या मडक्यांपर्यंत पोहोचणारी यंत्रे बनविली.

स्पर्धेत नेमके काय होते?

‘रोबोटिक्स’ म्हटले की अनेक पालकांच्या डोळ्यांसमोर एकमेकांवर आदळून मोडतोड करणारी यंत्रे येतात. महाविद्यालयीन महोत्सवांत तसे सामने होतात हे खरे. शाळकरी मुलांच्या या स्पर्धांत मात्र कोणी कोणाचे यंत्र मोडत नाही. उदाहरणादाखल फर्स्ट लेगो लीगची अलीकडच्या हंगामांतील रचना पाहू.

साधारण आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशा टेबलावर एक नकाशा अंथरलेला असतो आणि त्यावर लेगोच्या ठोकळ्यांनी बनविलेल्या अनेक प्रतिकृती मांडलेल्या असतात. कोठे एखादी वस्तू उचलायची, कोठे एखादी तरफ दाबायची, कोठे माल नेऊन ठेवायचा, अशी कामे ठरलेली असतात. मुलांनी बनविलेल्या यंत्राने ती अडीच मिनिटांत, आधी लिहून दिलेल्या सूचनांनुसार, स्वतःहून पार पाडायची असतात. हातात नियंत्रक धरून यंत्र चालविण्याची मुभा नसते. यंत्र आपल्या घरातून, म्हणजे टेबलाच्या कोपऱ्यातील ठरलेल्या जागेतून, बाहेर पडल्यावर वाटेत अडखळले आणि मुलांनी त्याला हात लावला, तर संघाला गुण गमवावे लागू शकतात.

टेबलावरील हा खेळ म्हणजे केवळ एक चतुर्थांश भाग. यंत्राची रचना का आणि कशी केली, हे परीक्षकांना समजावून सांगणे हा दुसरा भाग. त्या वर्षीच्या विषयाशी निगडित एखादी खरी समस्या शोधून तिच्यावर उपाय सुचविणारा प्रकल्प हा तिसरा भाग. संघातील मुले परस्परांशी आणि इतर संघांशी कशी वागतात, हा चौथा भाग. चारही भागांना समान महत्त्व असते. टेबलावर सर्वाधिक गुण मिळविणारा संघ उरलेल्या तीन भागांत कच्चा असेल, तर तो मागे पडू शकतो.

विषय दरवर्षी बदलतो. २०१७-१८ मध्ये तो पाणी होता, २०२२-२३ मध्ये ऊर्जा, २०२४-२५ मध्ये समुद्र आणि २०२५-२६ मध्ये पुरातत्त्व. २०२१-२२ चा विषय होता मालवाहतूक. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुकान, अडत, गोदाम आणि ट्रान्सपोर्टच्या पावत्या यांचा वावर आहे, त्या घरांतील मुलांना या विषयासाठी फार दूर जावे लागले नसते. मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट एकावर एक रचताना खालचा माल का चेपतो, हमालाच्या पाठीवरील ओझे कसे हलके करता येईल, पावसाळ्यात पोत्यांना ओल का लागते, हे प्रश्न त्यांना आजोबांनाच विचारता आले असते. आजोबांच्या अनुभवाला नातवाच्या वहीत स्थान मिळणे, हाही या उपक्रमाचा एक लाभ होय.

चुकीचे मोल

या खटाटोपात मूल नेमके काय शिकते, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. यंत्राच्या चाकाचा व्यास ५६ मिलिमीटर आहे. त्याचा परीघ काढला तर सुमारे १७६ मिलिमीटर येतो. टेबलावरील एक प्रतिकृती ८८ सेंटिमीटर दूर आहे, म्हणजे चाकाचे बरोबर पाच फेरे हवेत. परीघाचे सूत्र मुलांनी परीक्षेसाठी पाठ केलेले असते. येथे प्रथमच ते सूत्र त्यांच्या कामी येते.

सूचना दिली जाते, यंत्र धावते आणि दोन सेंटिमीटर अलीकडेच थांबते. गणित चुकले का? गणित बरोबर आहे. चाक नकाशावर किंचित घसरले आहे. मुले फेरे वाढवितात, आता यंत्र बरोबर थांबते. दुसऱ्या दिवशी तेच यंत्र त्याच सूचनांनी पुन्हा तिरके जाते. शोध घेता कळते की काल बॅटरी पूर्ण भरलेली होती, आज ती अर्ध्यावर आली आहे. आणखी एक दिवस प्रकाश ओळखणारा सेन्सर काळी रेघ चुकवितो, कारण सराव दुपारी खिडकीच्या उजेडात झाला होता आणि आता ट्यूबलाइट लागलेली आहे.

अशा वेळी संघ एक युक्ती शिकतो. केवळ अंतर मोजून चालण्याऐवजी यंत्राला टेबलाच्या भिंतीला टेकवून सरळ करायचे आणि मग पुढे न्यायचे. दहा वेळा चाचणी घ्यायची, प्रत्येक वेळी काय झाले ते वहीत टिपायचे. दहापैकी सहा वेळा जमले तर ते ‘जमले’ असे म्हणायचे नाही, ‘सहा वेळा जमले’ असेच लिहायचे. आकड्यांशी असा प्रामाणिकपणा राखण्याची सवय चोपडी लिहिणाऱ्या घराण्यांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

शाळेच्या उत्तरपत्रिकेत चूक म्हणजे लाल शाईची फुली असते आणि तेथेच तिचा निकाल लागतो. येथे चूक ही कामाची सुरुवात असते. पॅपर्ट यांनी संगणकाच्या संदर्भात हीच गोष्ट आग्रहाने मांडली. आज्ञावलीतील दोष शोधून तो दूर करणे हेच शिकणे होय, आणि दोष सापडला म्हणून कोणी नापास होत नाही. नव्वद टक्के मिळाले तरी उरलेले दहा कोठे गेले, असे विचारणाऱ्या आजच्या वातावरणात मुलांना न घाबरता चुकण्याची एक तरी जागा हवी आहे.

संघ म्हणजे काय

फर्स्ट लेगो लीगच्या संघात दोनपासून दहापर्यंत मुले असतात. ऑलिम्पियाडच्या मुख्य प्रकारात दोन किंवा तीन. संघ म्हटला की कामाची वाटणी आली, आणि तेथेच खरी कसोटी लागते. संगणकात तरबेज असलेला एखादा मुलगा सगळे काम आपल्याकडे ओढतो आणि इतर प्रेक्षक होतात, हा बहुतेक नवख्या संघांचा पहिला आजार असतो. त्यावर औषध एकच. प्रत्येक सूचना एकाने लिहावी आणि दुसऱ्याने ती तपासावी, आणि दर पंधरवड्याला कामे बदलावीत.

संघाला केवळ संगणक जाणणारी मुले पुरत नाहीत. ठोकळे जोडण्यात ज्याची बोटे चालतात तो हवा, नीटनेटकी वही ठेवणारी हवी, चार लोकांपुढे न अडखळता बोलणारा हवा, शेतकऱ्याला किंवा डॉक्टरांना जाऊन प्रश्न विचारण्याचे धाडस असणारी हवी, आणि दोघांचे भांडण झाले तर ते मिटविणाराही हवा. वर्गात ज्याचा नंबर कधी पहिल्या दहात आला नाही, असे मूल अशा संघात आपली जागा शोधते, तेव्हा त्याच्या घरच्यांनाही त्याची नवी ओळख होते.

मुलींविषयी येथे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. संघात मुली असल्या तरी फलक रंगविणे आणि निवेदन करणे ही कामे त्यांच्याकडे आणि पेचकस मुलांकडे, अशी वाटणी नकळत होते. नववी उजाडली की ‘आता बोर्डाचे वर्ष जवळ आले’ म्हणून मुलीलाच आधी थांबविले जाते. या संदर्भात अफगाणिस्तानातील हेरात शहराच्या मुलींचा वृत्तान्त प्रत्येक घरात सांगण्याजोगा आहे. २०१७ च्या जुलै महिन्यात वॉशिंग्टन येथे ‘फर्स्ट ग्लोबल’ ही स्पर्धा झाली. दीडशेहून अधिक देशांचे संघ आले होते आणि विषय होता शुद्ध पाणी. हेरातच्या सहा मुलींना अमेरिकेने दोनदा व्हिसा नाकारला. त्यांचा यंत्रसंच मायदेशी कस्टममध्ये महिनोन्‌महिने अडकून पडला. इतर देशांच्या तुलनेत त्यांच्या वाट्याला यंत्र बांधण्यासाठी फारच थोडे दिवस आले. अखेरच्या क्षणी प्रवेशाची परवानगी मिळाली, त्या पोहोचल्या, खेळल्या आणि धैर्यपूर्ण कामगिरीसाठीचे रौप्यपदक घेऊन परतल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत हेरातमधील एका मशिदीवरील हल्ल्यात संघाच्या कर्णधार मुलीचे वडील मृत्युमुखी पडले. तरीही संघ मोडला नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीत याच संघाने जुन्या मोटारींचे सुटे भाग वापरून स्वस्त व्हेंटिलेटर बनविण्याचे काम हाती घेतले. ऑगस्ट २०२१ मध्ये सत्तांतर झाल्यावर संघातील काही मुलींना देश सोडून कतारला जावे लागले. ज्यांच्या वाटेत इतके अडसर उभे राहिले, त्या मुलींनी हातातील पेचकस खाली ठेवला नाही. येथील मुलींच्या वाटेत असलेले अडसर घरातच असतील, तर ते दूर करणेही घरच्यांच्याच हाती आहे.

त्याच स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या संघाने केले होते आणि अभियांत्रिकी रचनेसाठीचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले, हेही अभिमानाने नमूद करण्यासारखे आहे.

प्रतिस्पर्धी आणि सोबती

फर्स्टच्या मोठ्या मुलांच्या स्पर्धांत एक विलक्षण पद्धत आहे. तेथे एक संघ एकटा खेळत नाही. दोन किंवा तीन संघांची युती दुसऱ्या युतीशी खेळते आणि प्राथमिक फेऱ्यांत ही जोडी दर सामन्याला बदलते. सकाळी जो प्रतिस्पर्धी होता, तोच दुपारी सोबती असतो. त्यामुळे शेजारच्या संघाची बॅटरी बिघडली तर आपली जादा बॅटरी त्याला देणे, त्यांची सूचनावली चुकत असेल तर बसून ती दुरुस्त करून देणे, हे या मैदानावर नित्याचेच आहे. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवून मिळालेल्या विजयाचे तेथे कोणाला फारसे कौतुक नसते. समोरचा संघ पूर्ण ताकदीने खेळावा आणि तरीही आपण सरस ठरावे, ही तेथील आकांक्षा असते.

बाजारपेठेत वाढलेल्या समाजाला यात नवल वाटू नये. एकाच पेठेत समोरासमोर दुकान थाटलेले दोन व्यापारी गिऱ्हाइकासाठी चुरस करतात आणि अडीअडचणीला एकमेकांच्या गल्ल्यातून सुटे पैसेही नेतात. ही जुनी रीत नव्या पिढीला उपदेशाने शिकविणे कठीण जाते. या स्पर्धांत ती अनुभवाने अंगी बाणते.

पालकांचा हात

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या स्पर्धांना लागलेली कीड म्हणजे मोठ्यांचा हात. यंत्र वडिलांनी बांधावे, सूचना क्लासच्या शिक्षकाने लिहाव्यात, प्रकल्पाचे भाषण आईने लिहून द्यावे आणि मुलांनी ते पाठ करून म्हणावे, असे प्रकार घडतात. त्यांमागे दुष्ट हेतू नसतो. मुलाचा हिरमोड होऊ नये, ही माया असते. कधी कधी मात्र समाजात आपल्या घराचे नाव व्हावे, ही हौसही असते.

परीक्षकांच्या हे ध्यानात येण्यास वेळ लागत नाही. ‘हा दातेरी गिअर येथे का लावला?’ किंवा ‘तुमचा पहिला प्रयत्न का फसला?’ एवढे विचारले की पुरते. ज्याने खरोखर काम केले आहे, तो मुलगा फसलेल्या प्रयत्नाविषयी उत्साहाने दहा मिनिटे बोलतो. ज्याला पाठ करून दिले आहे, तो आईकडे पाहतो. ऑलिम्पियाडमध्ये तर स्पर्धेच्या दिवशी प्रशिक्षकांना संघाच्या जागेत प्रवेशच नसतो, आणि त्या सकाळी एक अनपेक्षित नवी अट जाहीर केली जाते. तिच्यावरचा तोडगा मुलांनी त्या दिवशी स्वतःच शोधायचा असतो. उसने घेतलेले ज्ञान तेथे उघडे पडते.

परंतु पकडले जाण्याची भीती हे गौण कारण झाले. खरी हानी मुलाच्या मनात होते. आपल्याकडून हे झाले नसते, म्हणूनच बाबांनी केले, एवढा धडा त्याच्या मनावर कायमचा कोरला जातो. ढाल कपाटात राहते आणि तिच्याकडे पाहताना ती आपली नाही, हे मूल विसरत नाही. याउलट, स्वतः बांधलेले यंत्र टेबलावर निम्म्या वाटेत थांबले आणि संघ तळाला गेला, तरी पुढच्या वर्षी काय बदलायचे याची यादी परतीच्या गाडीतच तयार होते. ही यादी ढालीपेक्षा मोलाची आहे.

२०१४ च्या पुण्यातील रोबोकॉनचा विषय योगायोगाने पालकत्वाला वंदन हाच होता. खेळात दोन यंत्रे होती, एक पालक आणि एक बालक. पालक-यंत्राचे नियंत्रण विद्यार्थ्याच्या हाती होते. बालक-यंत्राला मात्र आपली हालचाल स्वतःच करायची होती. पालकाने बालकाला उचलून सी-सॉपर्यंत, झोपाळ्यापर्यंत न्यायचे, झोका द्यायचा, परंतु त्याचा खेळ त्याने स्वतः खेळायचा, अशी ती रचना होती. मुलाला मैदानापर्यंत न्यावे, आधार द्यावा आणि मग हात सोडावा, हे पालकांचे काम यंत्रांच्या त्या खेळाने नेमके दाखविले.

म्हणून पालकांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी एक साधा नियम पुरे. मोठ्यांनी प्रश्न विचारावेत, उत्तरे देऊ नयेत. ‘चाक उलटे लावले आहेस’ असे म्हणण्याऐवजी ‘यंत्र डावीकडे का वळले असेल?’ असे विचारावे आणि मग धीर धरावा. मुलाला उत्तर सापडायला तीन दिवस लागले, तर तीन दिवस लागू द्यावेत. अंगणवाडीच्या वयात बुटाची नाडी बांधताना जो धीर आईने दाखविला होता, तोच येथे पुन्हा दाखवायचा आहे.

संस्थेला काय करता येईल

अशा उपक्रमासाठी मोठी इमारत लागत नाही. सभागृहाशेजारची एक खोली, कडेला भिंत असलेले एक टेबल, दोन संगणक आणि एक यंत्रसंच एवढ्यावर एका संघाची सुरुवात होते. संचाची किंमत काही दहा हजारांच्या घरात जाते, म्हणून तो घराघराने विकत घेण्यापेक्षा संस्थेने घेऊन ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे सर्वांसाठी ठेवणे शहाणपणाचे आहे. खरेदीपूर्वी ज्या स्पर्धेत उतरायचे तिची त्या हंगामाची नियमावली अवश्य पाहावी. लेगोचा ‘माइंडस्टॉर्म्स’ हा प्रसिद्ध संच २०२२ अखेर बंद झाला. जुन्या माहितीवर विसंबून पैसे गुंतविले तर ते वाया जाण्याचा संभव असतो.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने देशभरातील दहा हजार शाळांत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभारल्या आणि त्यासाठी प्रत्येक शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केली. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. आपल्या गावातील कोणत्या शाळेत अशी लॅब आहे आणि ती कुलूपबंद तर नाही ना, याची चौकशी हे समितीचे पहिले काम ठरू शकेल.

मार्गदर्शक म्हणून रोबोटिक्सचा पदवीधरच हवा, हा गैरसमज आहे. मुलांबरोबर शिकण्याची तयारी असलेला आणि ठरलेल्या वेळी न चुकता येणारा माणूस हवा. समाजातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी महिन्यातून दोन रविवार देऊ शकतात. निवृत्त शिक्षिका प्रकल्पाच्या लेखनाकडे लक्ष देऊ शकतात. वर्कशॉप चालविणारे उद्योजक मुलांना यंत्रसामग्री दाखवू शकतात. पेढीवरचे मुनीमजी संघाचा जमाखर्च कसा लिहायचा ते शिकवू शकतात.

संघ निवडताना केवळ गुणपत्रिका पाहू नये. निम्म्या मुली असाव्यात. ज्या घरांना शुल्क परवडत नाही, त्या घरांतील मुलांना प्रथम स्थान द्यावे. शेजारच्या वस्तीतील इतर समाजांच्या मुलांसाठीही दार उघडे असावे, कारण संघ जितका विविध घरांतून आलेला, तितक्या विविध बाजूंनी तो प्रश्नाकडे पाहू शकतो. आणि पहिल्या वर्षी स्पर्धेत जाण्याची घाई करू नये. एक वर्ष केवळ शिकण्यात गेले, तर ते वाया गेले असे कोणी समजू नये.

काही पालक विचारतील की याने अभ्यास बुडणार नाही का? आठवड्यातून दोन बैठका आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी, असे वेळापत्रक पाळले तर बुडत नाही. परीघाचे सूत्र, टक्केवारी, निबंध, वक्तृत्व हे सारे त्यातच येते. मुले आधीच पडद्यासमोर बसलेली असतात, त्यात आणखी संगणक कशाला, अशीही शंका येईल. मोबाइलवर मूल दुसऱ्याने बनविलेले पाहत असते. येथे ते स्वतः काहीतरी बनविते, आणि त्याचा बराचसा वेळ टेबलाभोवती उभे राहून चार मित्रांशी वाद घालण्यात जातो.

शेवटी सत्काराविषयी एक विनंती. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने असा संघ उभा केला, तर त्याचे कौतुक करताना केवळ जिंकलेल्या ढालींचे छायाचित्र लावू नये. मुलांनी वर्षभर लिहिलेली ती वही सभागृहात मांडावी. ‘आज जमले नाही, कारण...’ अशा नोंदींनी भरलेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती चाळावी, लहान मुलांनी ती वाचावी. पुढच्या वर्षी तीच वही नव्या संघाच्या हाती जावी आणि पुढची पाने त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावीत. एका पिढीचे अनुभवाचे संचित दुसरीला कसे द्यावे, हे जाणणाऱ्या समाजाला याहून अधिक सांगणे न लगे.